डोळा काही आंबा नव्हे

मी लिहायला बसले की माझी ओळ पुढे जाता जाता खाली घसरते, आणि कागदाचा डावा कोपरा मान वळवल्याशिवाय मला दिसत नाही. तरी लिहिते आहे. आमच्या मेहकरात आणि आजूबाजूच्या खेड्यांत कुणाचा डोळा अंधारू लागला की कोणीतरी त्याला माझ्या ओसरीवर आणून बसवतं आणि म्हणतं, 'सुमनताई, तुमाले काय झालतं ते याले सांगा बरं.' सांगून सांगून तोंड दुखलं. डॉक्टरी ज्ञान मला नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. आमचं काय चुकलं आणि त्यातून काय हाती राहिलं, एवढंच मी सांगू शकते.

वेंधळी

आम्ही माळी. पैनगंगेच्या काठाला आमची आमराई, सगळी गावरान झाडं. उतरवलेले आंबे घरी आले की आतल्या खोलीत गव्हाच्या काडावर पसरून त्यांची अढी लावायची. आमच्याकडे तिला माच म्हणतात. माच लावायचा आणि उघडायचा मान माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणते. देठाजवळ अंगठा टेकवून त्या सांगायच्या, 'हा उद्या, हा परवा, हा अजून दगड हाये.' लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकाच्या आधी ही परीक्षा शिकवली. उतावळेपणा त्यांना अजिबात खपत नसे. माचेवर वेळेआधी हात घातला की त्या हातावर चापट मारायच्या, मग तो हात माझा असो की त्यांच्या लेकाचा.

तेव्हा मी पस्तिशीत होते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मुलगी शाळेत जात होती, घर भरलेलं होतं, दुखणं म्हणून काही नव्हतं. फक्त मी सगळीकडे धडकायला लागले. चौकटीला खांदा लागे, पाण्याचा गडू लाथेने उडे, ओट्याच्या कडेला ठेवलेलं पातेलं हात लागून खाली येई. समोर पाहिलं की सगळं लख्ख दिसायचं. सुईत दोरा ओवता येत होता, त्यामुळे डोळ्यांत खोट आहे हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

'सुमन, तो दरवाजा तुह्या लग्नाच्या आधीपासून अठीच हाये व,' आत्याबाई म्हणायच्या आणि आम्ही दोघी हसायचो. वेंधळी म्हणून माझं नाव पडलं. मला त्याचा रागही येत नसे.

मग संध्याकाळी डोकं धरायला लागलं. भुवईच्या वर कोणीतरी खिळा ठोकतंय असं वाटायचं. कंदिलाकडे पाहिलं की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसे, बाहेरून तांबडं, आतून निळं. थोडी झोप लागली की कडंही जाई आणि दुखणंही. सुंठ उगाळून कपाळाला लावायची आणि सकाळी कामाला लागायचं, असं कितीतरी महिने चाललं. शेवटी एकदा आत्याबाईंना सांगितलं, की मला दिव्याभोवती कडं दिसतं आणि बाजूचं काही कळत नाही.

आत्याबाईंना डोळ्यांतलं कळत होतं, निदान घरात तसं सगळे मानायचो. थोड्याच वर्षांपूर्वी त्यांचा मोतीबिंदू काढला होता. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एकदा परत पाठवलं होतं, अजून पिकला नाही म्हणून. पुढच्या हिवाळ्यात पिकला, काढला, जाड काचांचा चष्मा आला आणि त्या पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागल्या. वाट पाहिली आणि फळ मिळालं, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता.

त्यांनी मला अंगणात उजेडाला बसवलं, हनुवटी वर केली आणि दोन्ही डोळ्यांत निरखून पाहिलं.

'मोतीबिंदूच हाये,' त्या म्हणाल्या. 'पन पांढरं काही दिसून नाही राह्यलं. कच्चा हाये अजून.'

'मंग काय करू?'

'काय करतं? पिकू दे.'

हे त्यांनी मायेने सांगितलं होतं. माझं घर असं, की आंबा असो वा डोळा, पिकू दे म्हटल्यावर पुढे कोणी बोलत नसे. आमचे हे म्हणाले, 'आईले मालूम हाये,' आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

कुसळ

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी माच उलटीपालटी करत होते. काडाचं एक कुसळ उजव्या डोळ्यात गेलं. पदराचा बोळा करून मी तो डोळा झाकला आणि डाव्या डोळ्याने दरवाजाकडे पाहिलं.

दरवाजा नव्हता. भर दुपार होती, अंगणात ऊन तापलं होतं, आणि माझ्यासमोर राखेसारखं काहीतरी पसरलं होतं. मला वाटलं, हाही डोळा मिटलाय. बोट लावून पाहिलं. तो उघडा होता.

मी किंचाळले नाही. पदर काढला, दरवाजा दिसला. पदर लावला, दरवाजा गेला. असं किती वेळा केलं कोण जाणे. मग हाक मारली, 'आत्याबाई, माह्या डाव्या डोयानं काईच नाही दिसत.'

त्या धावत आल्या. एकेक डोळा झाकून त्यांनी माझी परीक्षा घेतली, आणि त्यांच्या आवाजात चक्क आनंद आला.

'अवं, म्हंजे पिकला! माहाबी असाच झालता, पार अंधार. आता काढाले आला तो.'

मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं. घरात एकदम लगीनघाई सुरू झाली. आत्याबाईंना खाला, म्हणजे मावशी, म्हणणाऱ्या शेजारच्या जैतूनबीला कळलं. तिचे मियाँ बागवान, आमच्या आमराईचा माल तेच उचलतात. दोन घरांत एकच भिंत. ती म्हणाली, 'चलो, एक तर पिकला. दुसरा बी पिकीन, काऊन फिकर करतं?' आत्याबाईंनी डॉक्टरांसाठी माचेतले शेंदऱ्या झाडाचे आंबे स्वतः निवडले, टोपलीत काड घालून लावले, वर फडकं बांधलं. आम्ही तिघं, मी, हे आणि आत्याबाई, अकोल्याच्या बसमध्ये ती टोपली मांडीवर घेऊन बसलो. टोपलीच्या वासाने सारी बस मागे वळून पाहत होती.

कडक

अकोल्याचे डॉक्टर वयस्कर होते आणि हळू बोलायचे. त्यांनी आधी यंत्राने पाहिलंच नाही. 'खाली बघा' म्हणाले, माझ्या पापणीवर दोन्ही हातांची पहिली बोटं टेकवली आणि डोळा हलकेच दाबून पाहिला. एक बोट दाबायचं, दुसऱ्याने अंदाज घ्यायचा. मग दुसरा डोळा.

मला ते फार ओळखीचं वाटलं. मी बोलून गेले, 'डॉक्टरसाहेब, आमीबी असंच पाहतो. आंबा.'

ते थांबले. 'मग तुमच्या हाताला कळेल,' म्हणाले, आणि माझंच बोट धरून त्यांनी माझ्या डाव्या पापणीवर टेकवलं. नंतर आत्याबाईंच्या मिटलेल्या डोळ्यावर टेकवलं.

आत्याबाईंचा डोळा दाबला की जरा आत जाई. माझा दगड होता.

'कच्चा हाये?' आत्याबाईंनी विचारलं.

'नाही बाई. हा मोतीबिंदूच नाही. हा काचबिंदू आहे.' मग त्यांनी समजावलं. डोळ्याच्या आत पाणी असतं, ते रोज तयार होतं आणि रोज वाहून जातं. जायची वाट तुंबली की आत ताण वाढतो, डोळा कडक होतो आणि मागची शीर दाबून दाबून मरते. बाजूची नजर आधी जाते, समोरची सगळ्यात शेवटी. म्हणून माणसाला कळत नाही.

'हे पिकत नाही,' ते म्हणाले. 'नुसतं जात राहतं.'

'डाव्याचं आपरेशन कवा करता मंग?' यांनी विचारलं.

'डाव्याचं काही करता येणार नाही. त्याची शीर गेली. तो परत येणार नाही.' ते सरळ माझ्याकडे बघून बोलले, यांच्याकडे नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. 'उजवा निम्म्याहून अधिक गेलाय. जो उरलाय तो वाचवायचा आहे. त्याला उशीर करून चालणार नाही.'

पंखा कुरकुरत होता. आत्याबाईंच्या मांडीवर टोपली होती. त्यांनी तिच्यावरचं फडकं घट्ट धरलं होतं. ती टोपली कुणी कुणाला दिली नाही. परत निघताना ती बाकाखालीच राहिली.

तुमच्यावर असा दिवस आला तर एक सांगते. त्या दिवशी कुणी काही धीराचं बोललं तरी आत शिरत नाही. मला फक्त एवढंच ऐकू येत होतं, की मी दोन वर्षं सुंठ उगाळत होते.

घर

आम्ही दवाखान्यात भरती व्हायच्या आधी सामान आणायला घरी आलो. तेवढ्यात घराची रया गेली. भर हंगामात यांनी माच उघडी टाकली. माझ्यावर ओरडले, 'दोन वर्सं झाले तुले दिसून नाही राह्यलं अन् मले नाही सांगत?' मीही ओरडले, 'सांगत होते तर बैलाइले पानी दाखवाले गेलते तुमी!' मग ते आईकडे वळले, पण तिला काही बोलले नाहीत. न बोलणं जास्त वाईट होतं. जेवायचं ताट आईच्या हातून घेईनात. आत्याबाई स्वतः जेवीनात.

मला आत्याबाईंचा राग आला होता, अगदी पोटातून. त्या समोर आल्या की मला तो पिकू दे हा शब्द ऐकू यायचा. आणि त्याच वेळी त्यांच्या कुशीत डोकं खुपसून रडावं असंही वाटायचं, कारण माझी आई गेल्यापासून तेवढी एकच कूस उरली होती. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या. आजारपणात असं होतं, त्याची लाज बाळगू नका.

दवाखान्यात सोबत कोण राहणार, हे विचारायच्या आधीच आत्याबाई आपलं गाठोडं बांधून ओसरीवर बसल्या होत्या.

रडायला बंदी

ऑपरेशन जागेपणीच झालं. सुई दिली ती टोचली, पुढे फक्त ओढल्यासारखं जाणवत होतं. भीती वाटली का म्हणाल तर इतकी वाटली की मी मनातल्या मनात आमराईतली झाडं मोजत गेले, नावानिशी, नदीकडून. नर्सबाईंनी माझा हात धरला होता. त्यांच्या हाताला साबणाचा वास होता.

मग दोन्ही डोळ्यांना पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना रेतीच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही. डॉक्टरांनी आत्याबाईंनाही बजावलं, 'हिच्यापुढे रडायचं नाही हं आजी. ती रडली तर टाके जातील.'

अंधारात दिवस कळायचे ते वासांवरून आणि आवाजांवरून. फिनेलचा वास म्हणजे सकाळ. चहाची किटली खडखडली की उजाडून बराच वेळ झाला. आत्याबाई चमच्याने पेज भरवायच्या, तोंड पुसायच्या, लोटा धरायच्या. सासूने सुनेसाठी जे करायची आमच्याकडे रीत नाही, ते सगळं त्यांनी केलं. शेजारच्या खाटेवर संग्रामपूरकडची एक म्हातारी होती. तिला वाटे त्या माझ्या सख्ख्या आईच. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

एका दुपारी वॉर्ड शांत होता. आत्याबाई माझे पाय चेपत होत्या. अचानक त्यांचे हात थांबले.

'सुमन.'

'हं.'

'माह्या जिभेनं तुहा डोया गेला व.'

नाही म्हणणं खोटं झालं असतं. हो म्हणायला जीभ रेटेना. रडू फुटणार एवढ्यात मला आठवलं, रडायला बंदी आहे. मी दात दाबून धरले. त्यांनी माझे पाय घट्ट धरून ठेवले होते, म्हणजे त्याही तेच करत होत्या. आम्ही दोघींनी आपापला हुंदका गिळला. मग मी पाय हलवून त्यांच्या हाताला लावला. त्या पुन्हा चेपायला लागल्या.

माझा राग तिथे संपला असं म्हणणार नाही. पण त्यानंतर तो हळूहळू उतरत गेला.

होतं तेवढं

पट्टी सोडायच्या दिवशी हेही आले होते, मुलीला घेऊन. मेहकरात सगळ्यांना ठाऊक होतं की पट्टी सुटली की माणसाला दिसायला लागतं. आत्याबाईंचं तसंच झालं होतं. त्यांनी पट्टी सुटताच भिंतीवरची पाल ओळखली होती.

पट्टी सुटली. उजेड टोचला. समोर मुलीचं तोंड दिसलं, दोन वेण्या, लाल फिती. मी मान न हलवता बाजूला पाहायचा प्रयत्न केला. बाजूला काही नव्हतं.

'किती दिसते?' यांनी विचारलं.

'होतं तेवढंच.'

यांचा चेहरा पडला. मुलगी बापाकडे बघायला लागली. तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्या पापणीवर बोटं टेकवली, दाबून पाहिलं आणि पहिल्यांदाच ते मोकळं हसले. 'नरम आहे,' म्हणाले. 'होतं तेवढं दिसतंय ना? मग जिंकलो आपण. हेच वाचवायचं होतं.'

हे समजायला आम्हाला वेळ लागला. मोतीबिंदूत गेलेलं परत मिळतं. काचबिंदूत गेलेलं जातं, फक्त पुढचं जाणं थांबवता येतं. शेजारीपाजारी भेटायला आले की निराश होऊन जायचे, 'येवढं करून काय उपेग झाला?' मी म्हणायची, 'माह्या पोरीचं तोंड दिसते.' तरी ते हळहळतच उठायचे.

थेंब

ऑपरेशननंतरही डोळ्यात औषधाचे थेंब टाकायचे होतेच. दिवसातून चारदा, जन्मभर. थेंब टाकला की भुवई दुखते आणि बाहुली इतकी बारीक होते की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. पहिल्या महिन्यात मी तक्रार करायची. डोळा चांगला वाटतोय, आज राहू दे, असं म्हणायची. आत्याबाई ऐकून घ्यायच्या नाहीत. बाटली त्या पाण्याच्या माठाखालच्या ओल्या रेतीत ठेवत, गार राहावी म्हणून. चुलीवर भाकरी असो की दारात पाहुणा, वेळ झाली की हात पुसून यायच्या, माझी हनुवटी वर करायच्या आणि बरोबर एक थेंब टाकायच्या. उशीर झाला तर स्वतःवरच चिडायच्या.

त्यांनी घरातल्या सगळ्या उंबरठ्यांना आणि पायऱ्यांच्या कडांना पांढरा चुना लावून घेतला, दर महिन्याला नव्याने. मला चालताना मान उजवीकडे-डावीकडे फिरवायची सवय लावली. 'नवरीवानी नोको चालू, चोरावानी चाल,' म्हणायच्या. यांनी आईच्या हातचं ताट पुन्हा घ्यायला सुरुवात केली, तेही त्या चुन्यामुळेच. एकदा त्यांनी तिला वाकून पायरी रंगवताना पाहिलं, तिच्या हातातला कुंचा घेतला आणि उरलेल्या पायऱ्या स्वतः रंगवल्या. त्या संध्याकाळी ते जेवायला तिच्यासमोर बसले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे घराण्यात उतरतं, म्हणून मुलीचे डोळे दरवर्षी तपासून आणतो. अजून सगळं ठीक आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. आमच्या घरातून एक शब्द गेला होता. माच पूर्वीसारखीच लागायची, पण आत्याबाई आता 'पिकला' म्हणत नव्हत्या. 'हा तयार झाला' म्हणायच्या. 'हे उद्या तयार होतीन.' गिऱ्हाईक म्हणालं, पिकलेले द्या, तर त्या मान खाली घालून टोपली पुढे सरकवायच्या.

कडं

दोन हंगाम गेले. जैतूनबी आमच्याकडे आंबे निवडायला बसली होती. मी काड झटकत होते, आत्याबाई अंगठा टेकवून आंबे वेगळे करत होत्या. बोलता बोलता जैतूनबी म्हणाली, 'आजकाल शाम झाली का डोकं लय दुखते बाई. अन् कंदिलाकडे पाह्यलं तर रंगाची गोल चूडी दिसते.'

मी काड खाली ठेवलं. मी तोंड उघडायच्या आधी तीच पुढे म्हणाली, 'मोतिया असन. घरचे म्हनतात, पिकू दे, मंग पाहू.'

आत्याबाई उठल्या. गुडघे धरून उठणारी ती बाई अशी ताडकन उठली की मांडीवरचे आंबे अंगणभर गेले. जैतूनबीचं मनगट धरून त्यांनी तिला माझ्यासमोर उभं केलं.

'पाह्य हिच्याकडे,' त्या म्हणाल्या. 'नीट पाह्य. मी म्हनलं होतं पिकू दे. मी! आंबा पिकते माय, डोया नाही पिकत. पिकते का नाही ते डाक्टर सांगीन, तू नोको सांगू अन् तुहे घरचेबी नोको. सकायच्या गाडीनं चाल. मी येतो संगं.'

'पन खाला, हंगाम हाये न...'

'मले हंगाम नोको शिकवू.'

जैतूनबीचे मियाँ आधी नाही म्हणाले. आत्याबाई त्यांच्या दुकानात जाऊन फळांच्या टोपल्यांमध्ये बसल्या आणि हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत.

सकाळच्या बसमध्ये आम्ही तिघी होतो. या वेळी टोपली नव्हती. त्याच डॉक्टरांनी जैतूनबीच्या पापण्यांवर बोटं टेकवली, बधिर करायचा थेंब घालून डोळ्यावर इवलंसं वजन ठेवून ताण मोजला, बोटं दाखवून बाजूची नजर तपासली. आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

'काचबिंदूच आहे,' डॉक्टर म्हणाले. 'पण नजर सगळी शाबूत आहे. दोन्ही डोळे. फार वेळेवर आलात. कोणी पाठवलं तुम्हाला?'

जैतूनबीने आत्याबाईंकडे बोट केलं.

आत्याबाई तिथेच खाली बसल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पदरात तोंड घालून मोठ्याने रडायला लागल्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि मीही रडले. या वेळी आम्हाला कुणी थांबवलं नाही.